कासवाची नखे आणि घरची फरशी



जनावरांच्या दवाखान्यात मी आयाचे काम करते. पिंजरे धुणे, टेबल पुसणे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा जनावर धरणे. कुत्र्या-मांजरांबरोबर तिथे कासवेही येतात, आणि त्यांतली बरीच एकाच तक्रारीवर येतात. नखे वाढलीत, कापून द्या. नख कापायला दहा मिनिटे लागतात. पण ते वाढले कशाने, हे आणणारा क्वचितच विचारतो.

माझ्या मोठ्या जाऊबाई विक्रोळीला राहतात. त्यांच्याकडे आठ वर्षांपासून एक कासव होते. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले, जमिनीवरचे. कोणीतरी दिरांना सांगितले होते की घरात कासव असले की पैसा टिकतो. आपण अंगारे-धुपारे सोडले, पण असली एखादी गोष्ट मागल्या दाराने घरात येतेच. आठ वर्षांत पैसा किती टिकला ते दिरांच्या पगाराची चिठ्ठी सांगेल. पोरांना मात्र त्याचा लळा लागला. पुतणी नववीत आहे, ती त्याला शेजारी घेऊनच अभ्यासाला बसायची.

मागच्या दिवाळीला त्यांनी खोलीची दुरुस्ती केली. जुना कोबा उखडून गुळगुळीत टाइल्स बसवल्या. घर कसे चकचकीत झाले! पण दोन-चार महिन्यांत कासवाची चाल बिघडली. पाय घसरायचा, मग ते तिरके तिरके सरकायचे. एकदा मागच्या पायाचे नख गोणपाटात अडकले, त्याने हिसका दिला आणि रक्त आले. पुतण्या नेलकटर घेऊन बसला. जाऊबाईंनी मला फोन केला, "अगं, तू रोज बघतेस ना दवाखान्यात, सांग बरं कसं कापायचं ते." मी म्हटले, "आक्का, त्याला हात लावू देऊ नका. मी येते."

कासवाचे नख आपल्या नखासारखेच, केराटिनचे. ते जन्मभर वाढते. रानात खडे, मुरूम, कडक माती यांवर चालून ते आपोआप झिजते. जुन्या कोब्यावरही झिजत होते. टाइल्सवर झिजणार कशावर? मग ते लांबते, वाकते आणि चालताना बोटाचा सांधा पिळवटतो. खाणेही कारण होते. जाऊबाई मायेने त्याला दुधात भिजवलेली पोळी द्यायच्या, कधी उकडलेले अंडे. हे कासव गवत-पाला खाणारे. असल्या खाण्याने नखे, चोच आणि पाठीवरचे कवच वेडेवाकडे वाढते. त्यात कोवळे ऊन नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, हाडे बळकट करणारा भाग काचेतच अडतो.

मी त्याला दवाखान्यात नेले. पुतणीही आली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखे. मी त्याला दोन्ही हातांनी बाजूंनी धरले. उताणे करायचे नाही. त्याची फुप्फुसे पाठीकडे असतात, उलटे केले की पोटातले सगळे ओझे त्यांच्यावर येते. डॉक्टरांनी पाय हळूच बाहेर ओढून धरला आणि खालून बॅटरीचा उजेड टाकला. नख फिकट असेल तर आत शीर गेलेली लालसर दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून तिथे नुसते टोक, तेही थोडे थोडे. कुत्र्याच्या नखांची कात्री वापरली. आपल्या नेलकटरने जाड नख चिरते. शेवटी बारीक कानशीने कडा घासल्या. गोणपाटात अडकलेल्या नखातून थेंबभर रक्त आले. त्यावर डॉक्टरांनी पूड दाबून धरली. घरी अशी वेळ आली तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचे आणि रक्त थांबेपर्यंत पाण्यात सोडायचे नाही. मागची नखे फार आखूड केली नाहीत, कारण मादी अंडी घालायला त्याच पायांनी खड्डा खणते, आणि ही मादी होती. आठ वर्षे आम्ही तिला 'राजा' म्हणत होतो!

(शेजारीपाजारी टबात पाण्यातली, कानामागे लाल पट्टा असलेली कासवे पाळतात. त्यांतल्या नराची पुढची नखे मुळातच लांब असतात. ती वाढली म्हणून कापू नका. आणि कंटाळा आला म्हणून ती तलावातही सोडू नका, तिथल्या आपल्या कासवांच्या तोंडचे खाणे जाते. कोणतेही कासव हाताळले की साबणाने हात धुवा, मुलांना तर धुवायला लावाच. त्यातून जुलाबाचे जंतू येतात.)

काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "फरशी तीच राहिली तर नखं पुन्हा वाढणार. आणि हे कासव घरात ठेवताच येत नाही." 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षे आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे.

जाऊबाईंना त्या रात्री झोप आली नाही. बंगल्याच्या बागेत कासव असले तर ते शोभेचे, आणि पोलीस यायचे झाले तर आमच्याच दारात यायचे, ही धास्ती खोटी नाही. दीर म्हणाले, गुपचूप खाडीकाठी सोडून येऊ. मी स्पष्ट नाही म्हटले. हे कोरड्या, काटेरी माळावरचे कासव, खाडीच्या चिखलात त्याने कुठे जायचे? पुतणीचे रडणे वेगळेच. "काकू, आपण तिला मारलं का कधी? मग का द्यायची?" मी तिला टाइल्सवर मोजे घालून चालायला लावले, भराभर. दोनदा घसरली. पुढे काही बोलली नाही, पण दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

डॉक्टरांनीच वनखात्याला फोन केला. दोन माणसे आली, कुठून आणले, कधी आणले, सगळे लिहून घेतले, दिरांची सही घेतली. दिरांचा हात थरथरत होता. आज चार महिने झाले, परत कोणी विचारायला आलेले नाही.

पेटीत ठेवण्याआधी पुतणीने वहीचे पान फाडून वनरक्षकाच्या हातात दिले. त्यावर लिहिले होते: मादी आहे. पोळी देऊ नये. 12 तारखेला नखे कापली. मागच्या उजव्या पायाचे तिसरे नख अजून दुखरे आहे. त्याने ते वाचले, घडी घातली आणि आपल्या नोंदवहीत ठेवले.