शून्य रुपयांना घेतलेले शेअर

तुमच्या घरात कुणी थोडेफार शेअर घेऊन ठेवले असतील आणि दरवर्षी रिटर्न तुम्ही स्वतःच मोबाइलवर भरत असाल, तर ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. नसाल भरत, तरी वाचा. पैसे सगळ्यांनाच प्यारे असतात.

मी मूळची निपाणीची. बंगळूरला पीण्या औद्योगिक क्षेत्रात, सेकंड स्टेजला, एका छोट्या सीएनसी वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. आमच्याकडे खानापूर तालुक्यातले एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. गावच्या घरावर स्लॅब घालायला त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आपले शेअर विकले होते. ऑगस्ट २०२५ मधल्या एका शनिवारी ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "ताई, ह्या वर्षी माझं रिटर्न तुम्हीच भरून द्या. ते शेअरचं मला जमायचं नाही."

मी म्हटलं, त्यात काय, ब्रोकरची टॅक्सची फाइल उतरवायची आणि अ‍ॅपमध्ये चढवायची. पाच मिनिटांचं काम!

फाइल चढेना. चार ओळी घेतल्या, तीन नाकारल्या. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की घोळ तारखांचा आहे. ब्रोकर आधी दिवस लिहितो, मग महिना. अ‍ॅप आधी महिना वाचत होतं. १८ नोव्हेंबरची विक्री त्याने नाकारली, कारण अठरावा महिना नसतोच. पण ५ नोव्हेंबरची विक्री मात्र ११ मे समजून गुपचूप घेतली! हे जास्त वाईट. कारण २३ जुलै २०२४ पासून कराचे दर बदलले. शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकले तर त्याआधीच्या विक्रीवर १० टक्के, त्यानंतरच्या विक्रीवर १२.५ टक्के. दिवस-महिन्याची अदलाबदल झाली की विक्री त्या रेषेच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. नाकारलेली ओळ निदान डोळ्यांत तरी खुपते हो.

तारखा सुधारल्या. मग रकमांमधल्या स्वल्पविरामांनी छळलं. १,२०,००० असं लिहिलं की सीएसव्ही फाइल त्याचे तीन वेगळे रकाने करते. तेही काढले. शेवटी हिरवी खूण उमटली आणि मी चहा मागवला.

तेवढ्यात खाली आकडा दिसला. भरायचा कर ४५,६३० रुपये.

मामा बघतच राहिले. त्यांच्या खोलीचं पाच महिन्यांचं भाडं ते. पण माणूस सरळ. म्हणाले, "भरून टाकूया ताई. सरकारी कटकट मागं नको." आणि खरं सांगते, मीही भरूनच टाकणार होते. फाइल चढली होती, खूण हिरवी होती, शंका घ्यायचं कारणच काय?

मी नुसतं कुतूहल म्हणून विचारलं, "मामा, चार लाख श्याहत्तर हजारांचे शेअर विकले तुम्ही. घेतले केवढ्याला होते?"

"साडेतीन लाखांच्या वर गेले होते की."

अ‍ॅपमध्ये खरेदीच्या रकान्यात होतं शून्य. सगळ्या ओळींना. म्हणजे अख्खी विक्रीच नफा धरली होती. त्यातून माफीचे सव्वा लाख वजा, उरलेल्या ३,५१,००० वर १२.५ टक्के, वर ४ टक्के सेस. गणित चोख, पायाच खोटा.

झालं होतं असं. मामांनी हे शेअर २०१९ ते २०२१ मध्ये दुसऱ्या ब्रोकरकडून घेतले होते. २०२३ मध्ये ते खातं बंद करताना शेअर नव्या डिमॅट खात्यात हलवले. शेअर आले, पण कितीला घेतले ते सोबत आलं नाही. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात नेणं ही विक्री नव्हे, त्यामुळे किंमतही जुनीच धरायची आणि तारीखही जुनीच. पण नव्या ब्रोकरला ती माहीतच नव्हती, म्हणून त्याने शून्य लिहिलं. आणि अ‍ॅप शून्यावर कुरकुर तरी का करेल? आता बोनस शेअर मिळाले तर त्यांची किंमत कायद्याने शून्यच धरतात. यंत्राला हे शून्य खरं की खोटं, कसं कळावं?

हे मामांना समजावताना मला वाटलं होतं वेळ लागेल. ते लगेच म्हणाले, "ऑफसेट घातलाच नाही म्हणा की. मशीन काय, चालतंय. जॉब वाया."

आता जुनी किंमत आणायची कुठून? जुन्या ब्रोकरचं लॉगिन गेलेलं. मामांनी लॉकरमधून आपली सेटिंगची वही आणली, टूल आणि मापं लिहायची, तेलाचे डाग पडलेली. तिच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने प्रत्येक खरेदीची तारीख, नग आणि भाव! पण नुसती वही पुरावा म्हणून दाखवायला मला धीर होईना. त्या तारखा घेऊन मुलीने त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये शोधलं आणि रविवारी रात्रीपर्यंत सगळ्या काँट्रॅक्ट नोट सापडल्या. वहीतला एकच भाव चाळीस पैशांनी चुकलेला होता.

खरेदी भरली ३,६८,०००. नफा १,०८,०००. सव्वा लाखाच्या आत, म्हणून त्यावर कर काहीच नाही.

आणि गंमत पुढेच आहे. त्या वर्षापासून असा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या आत असेल, मागचा तोटा पुढे ओढायचा नसेल आणि बाकी उत्पन्न साधं पगाराचं असेल, तर आयटीआर-१ म्हणजे 'सहज' फॉर्मच चालतो. त्यात एकूण विक्री, एकूण खरेदी आणि नफा एवढंच विचारतात. ज्या फाइलपायी मी शनिवार घालवला, ती चढवायची गरजच नव्हती! मामांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या मशीनवरचा पोरगा बघायला आला.

मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली होती, आम्ही त्याच्या बरंच आधी मोकळे झालो. ओटीपी टाकून व्हेरिफाय केलं, आणि पोचपावतीचा नंबर मामांनी वहीत उतरवून घेतला.

त्या रात्री मी घरी आमच्या ह्यांचा अहवाल उघडला. खरेदीच्या रकान्यात दोन ठिकाणी शून्य. एक बोनसचं निघालं. दुसऱ्यासाठी ह्यांना जुना ईमेल उघडायला लावलाय, आणि पासवर्ड काही त्यांना आठवत नाहीये.