दगडातलं पान

माजरी या कोळसाखाणीच्या गावातल्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडकीत एक काळपट दगड असायचा. बाबांनी खाणीच्या ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यातून आणलेला. त्यावर जिभेसारख्या लांबट पानाचा ठसा होता. मधली जाड शीर बोटाला जाणवायची, बाजूचं बारीक जाळं उन्हात धरलं की दिसायचं. ते ग्लोसोप्टेरिसचं पान, 25 कोटी वर्षांहून जुनं, हे मला कॉलेजात कळलं. अशाच झाडांचा आमचा कोळसा झाला.

पुढं नागपूरला चिनी शाईचित्रांच्या शिबिराला गेले. पहिला धडा बांबूचा. कुंचला खालून वर न्यायचा, प्रत्येक पेराशी क्षणभर थांबायचं, मग पुढं. खोडायची सोय नाही. चिनीत पेराला जो शब्द, तोच सचोटीला. आणि 'रिकामं मन' म्हणजे नम्रता. म्हणून आतून पोकळ, वाऱ्यात वाकून पुन्हा उभा राहणारा बांबू चिनी लोकांना सज्जनासारखा वाटतो. आपल्याकडं पोकळ म्हटलं की बाता आठवतात, आणि दगड तर शिवीच. त्या चित्रांत मात्र बांबूशेजारी दगड मानानं उभा असतो, एक लवणारा, एक अढळ. शाईही पाइनच्या काजळीत सरस मिसळून केलेली, म्हणजे जळालेलं झाडच.

झेंग शिए (1693–1765) या चित्रकारानं आयुष्यभर बांबू, ऑर्किड आणि दगड काढले. खिडकीचा कागद आणि पांढरी भिंत यांवर पडणाऱ्या सावल्यांनीच आपल्याला बांबू शिकवला, असं त्यानं लिहून ठेवलंय.

माजरीला परतल्यावर मीही मागच्या भिंतीशी बसले. कोळशाच्या धुळीनं ती करडी झालेली. चांदण्यात मानवेल बांबूच्या पानांच्या सावल्या तिच्यावर हलत होत्या, जवळच्या गडद, लांबच्या फिक्या. शाईत पाणी कमी-जास्त करायला मी तिथं शिकले.

बांबू जमला. दगडासाठी खिडकीतलाच दगड पुढ्यात ठेवला. बाबा कितीतरी वेळ चित्र पाहत राहिले. मग दगडावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, याच्यातलं पान कायले नाही काढलं?"

खरंच, चिनी चित्रात झाड आणि दगड शेजारी असतात. आमच्या माजरीत झाडच दगडाच्या पोटात आहे. मी शाईत भरपूर पाणी घातलं, श्वास रोखला आणि त्या दगडाच्या अंगावर एक फिकी शीर ओढली.