ठिपके जातात तेव्हा

नव्या टँग माशाच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उमटले की नवखा माणूस घाबरतो. मला धास्ती वाटते ती चार दिवसांनी ते नाहीसे होतात तेव्हा. मासा तजेलदार दिसतो, अन्नावर झेप घेतो. दुकानदार फोनवर म्हणतो, "बघा काका, झाला ना बरा? आता सोडा मोठ्या टाकीत."

क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी तेव्हा मेलेला नसतो, जेवून उठलेला असतो. माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस काढून तो गळतो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. पुढे त्यातून शेकडो पिल्लं सुटतात, तीही बहुधा अंधारात. कवच कधी फुटेल याचा नेम नाही: तीन दिवस ते 72 दिवस. क्वारंटाइनचं सगळं वेळापत्रक या बेभरवशावर बेतलेलं आहे.

माझी क्वारंटाइनची टाकी दिसायला अगदी भिकार. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो. चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात आणि औषधाचा हिशोब चुकतो. स्पंज फिल्टर मात्र आधी काही आठवडे मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या कप्प्यात, मुरवलेला हवा. नाहीतर रोगाआधी अमोनियाच मासा नेतो, आणि लोक दोष तांब्याला देतात. चिलेटेड तांबं 2 ते 2.5 पीपीएम, हळूहळू चढवत नेऊन महिनाभर तिथेच टिकवायचं. ते कातडीतल्या किंवा कवचातल्या जिवापर्यंत पोचत नाही. मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं. म्हणून एक दिवसही मात्रा उतरून चालत नाही.

वेल्व्हेट नावाचा दुसरा रोग तर ठिपके दिसायचीही वाट बघत नाही. मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहिला, कल्ले भराभर हलू लागले, की मी तांबं मोजायचं किट शोधायला लागतो.

गोगलगायी आणि कोळंबी यांना तांबं म्हणजे मरणच. पण त्यांच्या शंखावर परजीवीचं कवच चिकटून येऊ शकतं. त्यांना औषध नाही, फक्त मासा नसलेली टाकी आणि 76 दिवसांची कळ. परजीवीच्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

दगडी प्रवाळ मी पाळत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते अनुसूची एकमध्ये आहेत. "मिळवून देतो" म्हणणाऱ्या दुकानाची पायरी चढूच नये. न्यू जर्सीतला भाचा पाळतो. तो नवं प्रवाळ औषधी पाण्यात बुडवतो, तरी चपट्या किड्यांची अंडी त्यात मरत नाहीत. मग भिंग घेऊन बुडाची अंडी खरवडत बसतो, आणि नव्याने फुटणाऱ्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा बुडवतो.

जाळी, नळी, बादली, सगळं दोन्ही टाक्यांना वेगळं. ओल्या जाळीतूनही रोग जातो. क्वारंटाइनची निळी बादली लादी पुसायला घ्यायची नाही, हे घरात पटवणं तांब्याची मात्रा सांभाळण्यापेक्षा कठीण होतं.