रिकामे तीन स्लॉट

आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे आईचं दुकान. काचीगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात ती कितीतरी वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या वास्तुशांतीचं कार्ड. मराठी, तेलुगू, इंग्रजी, येईल ते. २०२३च्या मे महिन्यात तिचं जुनं मशीन बसलं. उघडून पाहिलं तर मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर फुगलेले. दुरुस्तीवाला म्हणाला, "छोडो बाजी, नवा लेलेव."

आईने भिशीचे ३३ हजार माझ्या हातात ठेवले. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणार होतो आणि घरातला एकुलता एक 'जाणकार' होतो. तिने दोनच प्रश्न विचारले. "जुन्यातली मेमरी यात नाही का रे चालणार?" आणि "मोठी फाईल उघडताना अडकणार नाही ना?"

पहिल्यावर मी हसलो. जुनी मेमरी डीडीआर ३, नवी डीडीआर ४. खालची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. हे नीट सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, "तुला नाही कळायचं ते."

सिकंदराबादला पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. प्रोसेसर ठरलेला होता, रायझन ५ ५६००जी. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड लागत नाही. पण या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. म्हणून अशा मशीनला एका मोठ्या स्टिकपेक्षा दोन सारख्या स्टिक बऱ्या. डीडीआर ४ची ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेऊ शकते. दोन चॅनेलमध्ये दोन लावल्या की ५१.२. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

दुकानदाराने दोन स्लॉटचा साधा ए५२० बोर्ड आणि आठ-आठच्या दोन स्टिक काढून ठेवल्या. माझी नजर मागच्या बी५५०वर होती. चार स्लॉट, जाड हीटसिंक, कडेने फिरणारे रंगीत दिवे. फरक पाच-साडेपाच हजारांचा. बी५५०ची खरी मिजास म्हणजे पीसीआय ४.०, ५६००जी तर ३.०च्या पुढे जातच नाही. म्हणजे ते जास्तीचे पैसे त्या प्रोसेसरला कधी लागणारच नव्हते. दुकानदार म्हणालाही, "बोर्ड छोटा लेलेव भाई, रॅम पूरी लेव." मी म्हणालो, "नक्को." (हा 'नक्को' मराठीतूनच दखनीत गेला म्हणतात. त्या दिवशी तो मी चुकीच्या ठिकाणी वापरला.) काचेचा कॅबिनेट हवाच होता, म्हणून हिशेब जुळवायला एक स्टिक कमी केली. आठ जीबी. बाकी 'नंतर वाढवू'.

घरी आल्यावर दुसरं पाप. गेम नीट चालावा म्हणून बायोसमध्ये शिरून त्या आठातले दोन जीबी ग्राफिक्ससाठी राखून ठेवले. आईला उरले सहा.

जूनमध्ये कळलं नाही. खरी लग्नं मार्गशीर्षात. कोरलड्रॉमध्ये पत्रिका, बाजूला ब्राउझर, गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले मोठाले फोटो. एका रात्री दोन भाषांतली पत्रिका करताना मशीन गोठलं, तीन तासांचं काम गेलं. सकाळी गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे दिलं. आई बाबांना सांगत होती, "मशीन नवीन आहे हो, माझंच काहीतरी चुकत असेल. वय झालं आता."

मी दाराशी उभा होतो.

दुपारी टास्क मॅनेजर उघडला. वापरता येणारी मेमरी ५.९ जीबी. चार स्लॉटपैकी एक भरलेला. वेग २६६६, ३२००ची स्टिक घेऊन मी एक्सएमपीसुद्धा चालू केलेलं नव्हतं. इतके महिने दिव्यांचे रंग बदलत बसलो होतो, पण ते एक बटण दाबलं नव्हतं.

आईला सांगितलं. सगळं, त्या दोन जीबीसकट. मला वाटलं ओरडेल. ती जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं ना?"

"नाही गं."

"मग ते दोन आधी परत कर."

परत केले. दुसऱ्या महिन्यात शिकवणीच्या पैशांतून त्याच कंपनीची, त्याच नंबरची स्टिक आणली आणि घाईघाईत पहिलीच्या शेजारी खोचली. मशीन सोळा दाखवत होतं, चॅनेल मात्र एकच. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा भरायचा असतो, आणि हे बोर्डाच्या पुस्तिकेत चित्रासकट छापलेलं होतं. ते पान आईनेच काढून दिलं. डीटीपीवाल्या माणसाला पुस्तिका टाकवत नाही, तिने ती कपाटात जपून ठेवली होती. तिने चित्रावर बोट ठेवलं, मी स्टिक हलवली, दोन्हीकडची खिटी खट्‌कन बसली. एक्सएमपीही चालू केलं. गेल्या मार्गशीर्षात मशीन एकदाही अडकलं नाही.

ए५२० घेतला असता तर हेच काम पहिल्या दिवशी झालं असतं आणि तीनेक हजार वाचलेही असते. आईने ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त रात्री काम करताना दिवे डोळ्यांवर येतात म्हणून तिने कॅबिनेटच्या काचेवर जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलंय. मे महिन्याचं पान आहे, त्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला. मागून कधी निळा, कधी जांभळा उजेड येतो.