एका पाण्याचे शेजारी



मासे कोणाला आवडत नाहीत? काहींना ते ताटात आवडतात, तर काहींना काचेच्या टाकीत! आमच्या पाटणला दोन्ही आवडींचे लोक आहेत. गावाजवळच केरा नदी कोयनेला मिळते. त्यामुळे इथल्या मुलांना माशांची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. मरळ, वाम, खवल्या ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. पण नदीतला मासा ओळखणे वेगळे आणि टाकीतला मासा सांभाळणे वेगळे.

अशा टाकीला उर्दूत आपण 'मछलीघर' म्हणतो. मराठीत तिला 'मत्स्यालय' म्हणतात. मत्स्य म्हणजे मासा आणि आलय म्हणजे घर. 'विद्यालय' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहेच. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्याच्या नावातही हाच शब्द आहे.

आता उर्दूतला आणखी एक सुंदर शब्द घ्या. शेजाऱ्याला आपण 'हमसाया' म्हणतो. एका सावलीत राहणारे ते हमसाये. टाकीतले मासे एका सावलीत नव्हे, तर एका पाण्यात राहतात. शेजाऱ्याशी पटले नाही, तर माणूस दार लावून घेतो. फारच झाले तर घर बदलतो. माशाच्या घराला दार नसते. त्याचा शेजारी आपण निवडतो आणि ती निवड चुकली, तर त्याची शिक्षा माशाला होते.

आमच्या वर्गाने वर्गणी काढून एक टाकी आणली. ती ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच आहे. गणिताच्या तासाला शिकल्याप्रमाणे तिचे घनफळ काढा. ५४,००० घन सेंमी, म्हणजे ५४ लिटर! वाळू, दगड आणि वरची थोडी रिकामी जागा वजा केली, तर पाणी राहते सुमारे ४५ लिटर. टाकी आली त्याच दिवशी मुलांनी माशांची यादी तयार केली. कोणाला सोनेरी गोल्डफिश हवा होता, कोणाला फायटर, कोणाला एंजल, तर कोणाला पट्ट्यापट्ट्यांचा टायगर बार्ब. एका मुलाने तर नदीवरून दुधाच्या किटलीत मरळीचे पिल्लू आणले. "सर, याला सगळ्यांत आधी सोडू या," तो म्हणाला.

मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. या माशाला पाणी कसे लागते? वाढून तो केवढा होतो? त्याचा स्वभाव कसा आहे? तो एकटा राहतो की थव्याने? मग यादीतील एकेक मासा या प्रश्नांपुढे उभा केला.

पहिला आला गोल्डफिश. हा मूळचा चीनचा. त्याला थोडे गार, साधारण २० अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. गप्पी माशाला २४ ते २८ अंश उबदार पाणी हवे. दोघांना एकत्र ठेवणे म्हणजे एकाला शाल हवी असताना दुसऱ्यासाठी पंखा लावण्यासारखे आहे! शिवाय गोल्डफिश चांगला वीतभर वाढतो, खातो खूप आणि घाणही खूप करतो. आमच्या टाकीत तो मावणार नव्हता.

दुसरा एंजल. दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. पण हा अमेझॉन नदीचा मासा वाढला की पंखांसह सुमारे १५ सेंमी उंच होतो. चिमुकल्या निऑन टेट्रांबरोबर तो लहानपणी गुण्यागोविंदाने राहतो आणि मोठा झाल्यावर एकेकाला गिळू लागतो. एक साधा नियम लक्षात ठेवा : ज्याच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा घास होतो. हाच नियम मरळीलाही लागू पडतो. आज बोटाएवढे असलेले पिल्लू उद्या हातभर होणार आणि ती तर जन्माची शिकारी. किटलीवाल्या मुलाला हे चटकन पटले. शाळा सुटल्यावर त्याने पिल्लू जिथे धरले होते, त्याच डोहात परत सोडले.

तिसरा फायटर. थायलंडने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. त्याचे दोन नर एकत्र ठेवले, तर ते एकमेकांचे पंख फाडतात. गप्पीची लांब, रंगीत शेपटी दिसली की त्याला तीही शत्रूची वाटते. याचा अर्थ तो दुष्ट आहे असा नाही. आपली जागा राखणे हा त्याचा स्वभाव आहे. त्याच्यासाठी वेगळी टाकी असली, तर तो सुखाने राहतो.

टायगर बार्बची गोष्ट फार मजेची आहे. एकदोन आणले, तर ते दुसऱ्या माशांचे पंख कुरतडतात. आठदहा एकत्र ठेवले, तर बहुधा आपसांतच पाठलाग करत राहतात आणि इतरांना कमी त्रास देतात. थव्याच्या माशाला सोबत मिळाली नाही, की तो एकतर घाबरून कोपऱ्यात बसतो, नाहीतर खोड्या काढतो.

अखेर आम्ही गप्पीचे सहा नर आणि तळाशी वाळूत खाणे शोधत फिरणारे सहा कोरीडोरस निवडले. एक वरच्या पाण्यातला, एक तळातला. दोघेही शांत. दोघांच्या पाण्याची ऊबही जुळते. गप्पीचे नरच का घेतले? कारण गप्पीची मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते. सहांचे साठ व्हायला वेळ लागत नाही!

तरीही मासे लगेच आणले नाहीत. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. त्याचे नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला चारसहा आठवडे लागतात. तोवर आम्ही गाळणी चालू ठेवली आणि रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकले. मुले कुरकुरली : "सर, रिकाम्या टाकीला कशाला जेवण?" पण त्यांनी धीर धरला.

आता त्या वर्षी पडलेला सर्वांत अवघड प्रश्न सांगतो. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना कामासाठी दुसऱ्या गावी जायचे होते. घरचा गोल्डफिश बराच मोठा झाला होता. तो मुलगा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सर, याला कोयनेत सोडू का? बिचारा आझाद होईल."

त्याचे मन चांगले होते. पण मी त्याला विचारले, "मरळीला आपण नदीत सोडले, कारण ती तिथलीच होती. हा तिथला आहे का?" पाळलेल्या सोनेरी माशाला लपता येत नाही, तो बगळ्याच्या तोंडी जातो. जगलाच, तर तो आपल्याबरोबर टाकीतले रोग नदीत नेतो, तिथल्या माशांच्या तोंडचे अन्न आणि त्यांची अंडी खातो. सकर माशाचे उदाहरण पाहा. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दक्षिण अमेरिकेतला हा मासा बोटाएवढा असताना विकला जातो. तो फूटभर वाढला की लोक त्याला पाण्यात सोडून देतात. आज भीमा नदीवरच्या उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी, कडक अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आरोग्य खात्याचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात, हे तुम्ही पाहिले असेल. पण नदी म्हणजे साचलेले डबके नव्हे. तिथे आधीच राहणारे शेजारी आहेत आणि कोयनेत सोडलेला मासा कऱ्हाडला कृष्णेतही पोहोचू शकतो.

सुदैवाने वर्गातल्या एका मुलीच्या घरी मोठा, सावलीतला हौद होता. तिने गोल्डफिश सांभाळायला घेतला. त्या मुलाने जाताना खाद्याचा डबाही तिच्या हाती दिला आणि दिवसातून किती वेळा, किती चिमटी घालायचे ते दोनदा समजावून सांगितले.

मित्रांनो, तुम्हीही मासे पाळाल, तेव्हा रंग पाहून भुलू नका. फळ्यावरचे ते चार प्रश्न आधी विचारा आणि त्यांत पाचवा जोडा : हा मोठा झाला किंवा मला सांभाळता आला नाही, तर तो कोठे जाईल? उत्तर मिळेपर्यंत पिशवी घरी आणू नका. 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये' अशी मराठीत म्हण आहे. मासे तर पाण्यातच राहतात, त्यांना बाहेर जाता येत नाही. त्यांचे आपसांत वैर होणार नाही, हे पाहणे पाणी भरणाऱ्याचे काम आहे.