चौदा वळणांआधीचा मुक्काम

निलगिरीतून खाली यायचे म्हणजे उटीहून आधी कुन्नूर आणि कुन्नूरहून चौदा हेअरपिन वळणांचा घाट उतरून मेट्टुपाळयम. उटी ते कुन्नूर सुमारे १९ किलोमीटर, पुढचा घाट तीस-पस्तीस. गाडी धड असेल तर दोन तासांचे काम. आम्हाला एक दिवस आणि एक रात्र लागली.

आम्ही म्हणजे मामा, मामी, मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा. मामा मूळचे विट्याजवळचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. मामाही तसेच तरुणपणी कोइमतूरला गेले आणि तिथलेच झाले. त्यांची तमीळ अस्खलित आहे, पण रागावतात मात्र विट्याच्या मराठीत. दुकानाचा जम बसल्यावर त्यांनी पहिली मोठी वस्तू घेतली ती १९८९ सालची पद्मिनी. स्टिअरिंगला गिअरचा दांडा, पुढे एकसंध सीट. ती त्यांनी अजून जपली आहे. फेब्रुवारीत मी कोइमतूरला गेले, तेव्हा मुलाला उटी दाखवायची ठरली आणि अर्थातच याच गाडीतून. २०२४च्या मे महिन्यापासून उटीला बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागू झाला, तोही मामांनी गाडीच्या नावे हौसेने काढला होता.

परतताना गाडी माझ्या हाती होती. उटी ते कुन्नूर उतार तसा सौम्य आहे. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मध्येच वेलिंग्टनची लष्करी छावणी. ब्रेक मला थोडा मऊ वाटत होता, पण गाडी सवयीची नव्हती. खरी गोष्ट कळली ती कुन्नूरच्या बसस्थानकापाशी. वाहने खोळंबली होती, पुढे एक बस उभी होती आणि मी उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. पाय जागचा हलवला नव्हता, तरी पेडल हळूहळू खाली चालले. अगदी तळाला टेकले आणि गाडी पुढे सरकू लागली. मी घाईने हँडब्रेक ओढला. बसचे बंपर हातभर अंतरावर होते.

मामा शांतपणे म्हणाले, "अगं, त्याला दोनदा मारायचा. मग लागतोय."

"कधीपासून, मामा?"

"दिवाळीपासून असेल."

मागच्या सीटवर मामी काहीच बोलल्या नाहीत. त्यांना हे आत्ताच कळत होते.

मामांना संध्याकाळी दुकान उघडायचे होते. "हा घाट मी पन्नास वेळा उतरलोय. दे किल्ली, मी चालवतो," असे ते म्हणाले. ज्या मामांनी मला सायकल शिकवली त्यांना नाही म्हणणे जड गेले, पण मी किल्ली पर्समध्ये टाकली. मामा गाडीतून उतरले आणि एक शब्द न बोलता चहाच्या टपरीकडे चालू लागले.

बंबभर उष्णता

मामांचा हिशेब चुकत होता तो इथे. सपाट शहरात दोनदा मारून लागणारा ब्रेक वर्षभर चालूनही जाईल. घाटाचे तसे नाही. कुन्नूर सुमारे १८५० मीटर उंचीवर आहे आणि मेट्टुपाळयम सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे माणसे आणि सामान धरून बारा क्विंटलची गाडी दीड हजार मीटर खाली आणायची. एवढ्या उंचीवरून येताना जी शक्ती सुटते तिची सगळी उष्णता केली तर सुमारे पन्नास लिटर गार पाणी उकळेल. आपल्या जुन्या घरांतला मोठा बंबच म्हणा ना! दुसऱ्या गिअरमध्ये उतरले तर यातला मोठा भार इंजिन घेते. गाडी मोकळी सोडून नुसत्या ब्रेकवर आणली तर हा सगळा बंब चार चाकांत पेटतो.

गाडीशेजारच्या गल्लीत एक मेकॅनिक सापडला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने आधी पाना हाती घेतला नाही. सपाट जागी गाडी लावून, इंजिन बंद करून तो आत बसला. पेडल दोन-तीनदा भराभर मारले. ते वर आले आणि घट्ट झाले. मग हलकासा दाब देऊन तो नुसता बसून राहिला. अर्ध्या मिनिटात पेडल तळाला. नंतर जोरात एकदम दाबले, तर तिथेच थांबले. खाली उतरून त्याने चारही चाके आतल्या बाजूने पाहिली, पेडलखालची चटई उचलून बोट फिरवले. कोरडे. बॉनेट उघडले. डबीत ऑइल पुरेपूर, मात्र रंग काढ्यासारखा.

"मास्टर," तो म्हणाला. तेवढे मला तमीळमध्येही कळले.

बाकीचे मामांनी दुभाष्या होऊन समजावले, जरा नाइलाजानेच. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो. त्याने ऑइलवर दाब येतो आणि तो पायपांतून चाकांपर्यंत जाऊन ब्रेकचे शू ड्रमला आतून टेकवतो. दट्ट्यावर रबराचे वॉशर असते. ते झिजले की दाबलेले ऑइल त्याच्या कडेने मागे निसटते. बाहेर थेंबही पडत नाही, डबीतले कमी होत नाही, पण पेडल खाली जाते. जोरात दाबले की रबराची कड फुगून सिलिंडरला चिकटते, म्हणून "दोनदा मारला की लागतो". पस्तीस वर्षांच्या गाडीत हे व्हायचेच, त्यात गाडीचा दोष नाही.

पेडल मऊ लागण्याचे कारण नेहमी हेच असते असे मात्र नाही. डबीतले ऑइल कमी होत असेल तर गळती कुठेतरी बाहेर आहे, बहुधा चाकातल्या छोट्या सिलिंडरपाशी. तिथे ड्रमच्या आत ओल दिसते. पेडल स्पंजासारखे दबत असेल आणि पंप केल्यावर सुधारत असेल तर पायपात हवा शिरली असावी. पेडल खूप खाली जाऊन मगच घट्ट होत असेल, पण दाबून धरल्यावर जागेवर राहत असेल, तर शू झिजून ड्रमपासून लांब गेले असतील. ते जवळ घेतले की झाले. व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या नंतरच्या गाड्यांत पाय ठेवून इंजिन सुरू केले की पेडल किंचित खाली जाते. तो बिघाड नव्हे, उलट बूस्टर चालू असल्याची खूण.

आणि जुने ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच हद्द १४० वर येऊ शकते. घाटात चाके तापली की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे नेत नाही. सकाळी चांगले असलेले पेडल अकराव्या वळणावर तळाला जाते ते असे. मामांनी दिवाळीपासून वॉशरचा प्रश्न तेवढा चालवून घेतला होता. काढ्याच्या रंगाच्या ऑइलकडे त्यांनी पाहिलेच नव्हते.

सिलिंडर खोलल्यावर आत गंजाचे खड्डे दिसले. नुसते रबर बदलून ते पुन्हा फाटणार. नवा सिलिंडर कुन्नूरमध्ये मिळेना. मामांनी दुकानातल्या पोराला फोन केला. त्याने कोइमतूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून शोधला आणि संध्याकाळच्या बसने घेऊन आला.

डब्याडब्याला ब्रेकवाला

तोवर आम्हाला कुन्नूर पाहायला मिळाले. उटीच्या वाटेवर सगळेच ते ओलांडून जातात. १८७४ सालचा सिम्स पार्क पाहिला, मामींना तिथली जुनी झाडे फार आवडली. पण मुलगा स्टेशनावरून हलेना. निलगिरीची ही रेल्वे कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये आली आणि १९०८ मध्ये उटीला पोहोचली. २००५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. कुन्नूरला डिझेल इंजिन सुटते आणि खालच्या घाटासाठी वाफेचे जोडतात. तिथे रुळांच्या मध्ये दाते असलेली पट्टी असते, कारण काही जागी चढ बारास एक इतका आहे. आम्हाला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. प्रत्येक डब्याच्या पुढच्या सज्जात एक ब्रेकवाला उभा असतो आणि तो आपल्या डब्याचा ब्रेक हाताने लावतो. इंजिनाचा ब्रेक आहेच, तरीही.

मामा ते बराच वेळ पाहत होते. "एवढी माणसं!" एवढेच म्हणाले.

रात्री लॉजवर मामी मात्र बोलल्या. "नातवंडांना याच गाडीतून शाळेत सोडत होता तुम्ही." मामांनी उत्तर दिले नाही. दिवा मालवला.

सकाळी सिलिंडर बसला. मग हवा काढायची. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. मामा पेडलवर, मेकॅनिक चाकाशी. "अळुत्तु… पिडी… विडु." दाब, धर, सोड. निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाही तर हवा परत आत. बाटली माझ्या मुलाने धरली होती. आधी काढा आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर ऑइल. मधूनमधून डबी भरणेही आले. ती रिकामी झाली की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. मेकॅनिकने जाताजाता एक सांगितले : घाटात पेडल गेलेच तर घाबरून किल्ली फिरवायची नाही. भराभर पंप करायचा, गिअर खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा आणि डोंगराच्या बाजूला घासत थांबायचे. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही.

निघताना मी किल्ली मामांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही. ते आत बसले, पेडलवर पाय ठेवला आणि मामींना म्हणाले, "मोज गं." मामींनी एक ते साठ मोजले. पेडल जागेवर होते. मामा उतरले, फेरा घालून शेजारच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, "दुसऱ्यातच ठेव. माकडं बघायला मान वळवू नको."

चौदाही वळणे दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागच्या एका मोटारवाल्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, त्याला एका रुंद जागी पुढे जाऊ दिले. बर्लियारला थांबून मामांनी एकेका चाकाजवळ हात नेऊन ऊब पाहिली. चारही सारखीच कोमट. खाली सुपारीच्या बागा दिसू लागल्या तेव्हा मागच्या सीटवर माझा मुलगा झोपेत पुटपुटत होता, "पिडी… विडु."