बॉनेटखालचा उन्हाळा

पुण्यात कोणालाही सांगून बघा, 'गाडीला सिरॅमिक कोटिंग करायचंय.' समोरचा लगेच खूश. 'मस्त! शाइन काय येते माहितीये? पाणी टिकतच नाही!' मग त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, बॉडीला नाही, एक्झॉस्टला. म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांना. त्यानंतरचा चेहरा बघण्यासारखा असतो. बॉनेट उघडल्याशिवाय जी वस्तू दिसतच नाही, तिच्यावर पैसे?

गेले दोन महिने हा चेहरा मी घरी, मित्रमंडळींत, एवढंच काय, गॅरेजमध्येही बघतेय. आणि खरं सांगायचं तर प्रश्न अगदीच चुकीचा नाही. फ्रीलान्स पत्रकारितेत पैसे कधी येतील याचा भरवसा नसतो, खर्च मात्र कॅलेंडर बघून येतात. त्यामुळे १४ हजार रुपये कुठे घालायचे, याचा विचार आमच्यासारख्यांना जरा जास्तच करावा लागतो.

आधी गाडीबद्दल. माझ्याकडे होंडा सिटी आहे. २००२ ची, १.५ व्हीटेक. आता तुम्ही म्हणाल, ही कुठली स्पोर्ट्स कार? चार दरवाजे, भलीमोठी डिकी, आईने मागच्या काचेपाशी ठेवलेला टिश्यू बॉक्स! कागदावर मान्य. पण ही गाडी २००० साली आली तेव्हा १४९३ सीसीच्या इंजिनातून १०६ पीएस काढत होती. आपल्याकडे स्पोर्ट्स कारची भूक ज्या मोजक्या गाड्यांनी भागवली, त्यात हिचा नंबर बराच वरचा. २००३ मध्ये नवी सिटी आली आणि ही बंद झाली. पण व्हीटेकवाले अजून एकमेकांना सिग्नलवर ओळख देतात. फंडा साधा आहे: सीट्स किती आहेत त्यावर स्पोर्ट्स कार ठरत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर तुम्ही हसता की नाही यावर ठरते!

बाबांनी ती वीस वर्षं चालवली आणि मग माझ्या हातात किल्ली दिली. सगळं छान चाललं होतं. मग एका सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक-टिक असा आवाज यायला लागला. गाडी गरम झाली की आवाज गायब. मेकॅनिक काकांनी पुढचं पत्र्याचं कव्हर काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाले, "ताई, मॅनिफोल्डला क्रॅक गेलाय."

मॅनिफोल्ड म्हणजे चार सिलिंडर्सचा धूर एकत्र करून पुढे सायलेन्सरकडे पाठवणारा पार्ट. कंपनीचा असतो तो ओतीव लोखंडाचा, जाड, जड. वर्षानुवर्षं तापतो, गार होतो, तापतो, गार होतो आणि शेवटी तडकतो. थंड असताना फट उघडी, म्हणून टिक-टिक. तापल्यावर लोखंड फुगतं आणि फट मिटते. ओतीव लोखंडाचं वेल्डिंग नीट टिकेलच याचीही खात्री नसते. म्हणजे पार्ट बदलणं आलं.

इथून खरी गंमत सुरू झाली. कारण पर्याय आला तो एका ट्यूनिंग गॅरेजमधून, आणि तो पॅकेज म्हणूनच आला. स्टेनलेस स्टीलचे चार स्वतंत्र, लांब, वळणदार पाइप, म्हणजे 'हेडर', बनवून घ्यायचा. २८ हजार. वर सिरॅमिक कोटिंग. १४ हजार. एकूण ४२ हजार. 'मॅडम, पिकअप बघा नुसता!' सोबत मोबाइलवर फोटो. चंदेरी, चकचकीत, एखाद्या शिल्पासारखा हेडर. खोटं कशाला बोलू, फोटो बघून पाघळायला झालं.

पण पत्रकारितेच्या कोर्सने एक सवय मात्र लावली. कोणी दोन गोष्टी एका वाक्यात सांगितल्या, की आधी त्या वेगळ्या करायच्या. हेडर लावायचा का, हा एक प्रश्न. कोटिंग करायचं का, हा दुसरा. दोघांचं काम वेगळं, फायदा वेगळा, धोकेही वेगळे. आपल्याला विकले मात्र जोडीनेच जातात, बर्गरबरोबर फ्राइज विकतात तसे.

हेडरचं काम धूर मोकळा करण्याचं. प्रत्येक सिलिंडरचा पाइप ठरावीक लांबीचा असला की एका सिलिंडरचा धूर बाहेर पडताना दुसऱ्याचा धूर ओढून घ्यायला मदत करतो. पॉवर मिळते ती मुख्यतः यातून, आणि तीही डिझाइन नीट असेल तर. कोटिंगचं काम वेगळंच आहे. ते उष्णता सांभाळतं.

आता ही उष्णता किती, ते बघा. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते त्यातली साधारण एक तृतीयांश चाकांपर्यंत जातच नाही, ती थेट धुराबरोबर बाहेर पडते. गाडी जोरात पळवली की सिलिंडरमधून निघणारा धूर ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत जातो. एवढा गरम धूर ज्या लोखंडातून जातो ते लोखंड बॉनेटखाली शेगडीसारखं धगधगत असतं. आणि माझ्या गाडीत ही शेगडी इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागे आहे. रेडिएटरमधून आलेली गरम हवा तिच्यावरून जाते, आणखी तापते आणि मागे इंजिनावर पसरते. वायरिंग, रबरी होज पाइप, प्लास्टिकचे कनेक्टर, सगळ्यांना शेक. चोवीस वर्षांच्या रबराला हे फार सोसवत नाही. एप्रिलमधल्या दुपारी हिंजवडीच्या जॅममध्ये अर्धा तास उभं राहा, मग एसी का दमतो ते कळतं.

इंजिनात जाणारी हवाही याच गर्दीतून तापत जाते. हवा दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्के विरळ होते. विरळ हवा म्हणजे कमी ऑक्सिजन, म्हणजे थोडी कमी ताकद. त्यामुळे कोटिंगने 'पॉवर वाढते' असं म्हणण्यापेक्षा 'गळती थोडी कमी होते' असं म्हणणं जास्त प्रामाणिक. तो फरक सीटवर बसून कळण्यासारखा नसतो. कोणी नुसत्या कोटिंगवर दहा हॉर्सपॉवरची गॅरंटी देत असेल, तर चहा प्या आणि निघा!

पण उष्णतेचा फायदा मात्र खरा आहे. या थरामागचं तत्त्व विमानाच्या जेट इंजिनातलं आहे. तिथे टर्बाइनच्या पात्यांवर झिर्कोनियाचा थर देतात, म्हणून ती पाती अशक्य वाटणाऱ्या तापमानात टिकतात. गाड्यांसाठी दोन प्रकार चालतात. एक अ‍ॅल्युमिनियम आणि सिरॅमिकचं मिश्रण, चंदेरी, पॉलिश होणारं. थर केसापेक्षाही पातळ. हे साधारण ७०० अंशांपर्यंत ठीक. दुसरा प्रकार मॅट, काळा किंवा पांढरट, जास्त तापमान सोसणारा. टर्बो गाड्यांसाठी किंवा ट्रॅकवर पळणाऱ्यांसाठी हा. म्हणजे फोटोत जो सगळ्यात सुंदर दिसतो, तो सगळ्यात कणखर असतोच असं नाही. स्थळं बघताना आई हेच सांगते, पण तो वेगळा विषय.

भोसरीत औद्योगिक कोटिंग करणारं एक वर्कशॉप आहे. तिथे एक सकाळ घालवली आणि कळलं, की खरं काम फवारणीत नसून तयारीत आहे. पार्ट आधी भट्टीत तापवून आत मुरलेलं तेल जाळून टाकायचं. ओतीव लोखंड सच्छिद्र, ते तेल पिऊन बसलेलं असतं. मग ब्लास्टिंग करून धातू खरखरीत करायचा, म्हणजे थर पकड घेतो. जिथे गॅस्केट बसते ती सपाट बाजू आणि ऑक्सिजन सेन्सरचे आटे झाकून ठेवायचे. मग फवारणी, शक्य तिथे आतूनही, आणि पुन्हा भट्टी. यातली एक पायरी गाळली की सहा महिन्यांत पोपडे! म्हणून कोणाला काम देताना 'रंग कोणता' हा शेवटचा प्रश्न ठेवा. पहिला प्रश्न, 'ब्लास्टिंग तुम्ही स्वतः करता का?'

तिथल्या सुपरवायझर काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पॅकेजवाल्याने सांगितली नव्हती. "कोट झाल्यावर वेल्डिंग करायचं नाही. जिथे वेल्ड, तिथे कोट गेला." हाताने बनवलेला हेडर पहिल्याच फेरीत जसाच्या तसा बसेल याची खात्री कोण देणार? कुठे एसीच्या कॉम्प्रेसरला घासेल, कुठे खाली स्पीडब्रेकरला लागेल. म्हणजे आधी गाडीवर बसवून बघायचं, लीक तपासायचं, पुन्हा काढायचं, मग कोट करायचा. दोनदा फिटिंग, दोनदा मजुरी. शिवाय स्टेनलेस स्टीलमधून उष्णता तशीही साध्या पोलादाच्या जवळपास एक तृतीयांशच वाहते, पण पाइप पातळ आणि लांब, म्हणून पसरलेला भाग जास्त. स्वस्तात काम होतं म्हणून काही जण पाइपांना फायबरची पट्टी गुंडाळतात. ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि साधं पोलाद आतल्या आत गंजत जातं. आपल्याकडे चार महिने पाऊस, विचार करा.

आणि मग सरकारी भाग. जुन्या गाडीच्या मालकांना तो झोपेतही आठवतो. पहिली पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. माझ्या गाडीची मुदत २०२७ पर्यंत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जप्त केलेल्या सायलेन्सर्सवरून रोडरोलर फिरतानाचे फोटो तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

पॅकेजवाल्याला विचारलं, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काय?" तो म्हणाला, "तो काढूनच टाकू मॅडम, फुल फ्री फ्लो!" झालं. माझ्यापुरता हेडरचा प्रश्न तिथेच सुटला. धूर साफ करणारा पार्ट काढायचा, पीयूसीच्या दिवशी घाम गाळायचा आणि फिटनेसला गाडी अडकली की २४ वर्षांची सोबत भंगारात घालायची? चार सेकंदांच्या आवाजासाठी? नो, थँक्स. तुमची गाडी फक्त ट्रॅकवर जात असेल तर तुमचं गणित वेगळं असेल. माझी ऑफिसेस, सासवडची मावशी आणि महिन्यातून एकदा महाबळेश्वर एवढ्यावर फिरते.

पण म्हणून कोटिंगचा प्रश्न सुटला नव्हता. दोन प्रश्न वेगळे केल्याचा फायदा इथे झाला. कोटिंग फक्त हेडरलाच करायचं असतं असं कोणी सांगितलं? नाना पेठेत तीन शनिवार फिरून मला कंपनीचा जुना, पण न तडकलेला मॅनिफोल्ड मिळाला. साडेसहा हजार. आकार तोच, सेन्सरची जागा तीच, कॅट जागच्या जागी. भोसरीच्या काकांनी तो सरळ पट्टी लावून तपासला, ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "चालेल. आतून-बाहेरून करू." काळा, मॅट, जास्त तापमानाचा प्रकार. ९ हजार.

एक बोनसही आहे. उष्णता पाइपाच्या आत राहिली की ती पुढे कॅटपर्यंत पोचते. कॅट साधारण २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतो. तो लवकर तापला, तर थंड इंजिनाचा धूर साफ व्हायला लवकर सुरुवात होते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी शाळेची मुलं उभी असतात, त्यांच्या नाकाला तेवढंच बरं.

आई म्हणाली, "साडेपंधरा हजारांत चांगला मिक्सर, वर प्रेशर कुकर आला असता." बाबा मात्र गप्प होते. मग म्हणाले, "विकली असतीस तर मिक्सर कशाला, फ्रिजपण आला असता." आणि स्वतःच हसले. विकायचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही.

तुमच्यासमोरही कधी असं चकचकीत पॅकेज आलं, मग ते गाडीचं असो, जिमचं असो की होम लोनबरोबर येणाऱ्या इन्शुरन्सचं, तर आधी ते सुटं करून बघा. यातली कुठली गोष्ट माझ्या अडचणीचं उत्तर आहे आणि कुठली त्याच्या टार्गेटचं? माझी अडचण होती क्रॅक आणि उष्णता. दोन्हींची उत्तरं ४२ हजारांपेक्षा बरीच स्वस्त निघाली.

अ‍ॅडव्हान्स देऊन आलेय. मॅनिफोल्ड पुढच्या आठवड्यात मिळेल, वर पत्र्याचं कव्हर बसेल आणि तो कोणालाही दिसणार नाही. व्हीटेकचं म्हणाल, तर कंपनीच्या मॅनिफोल्डवरही ते अजून वेळेवर किक मारतं. खंबाटकीच्या चढावर कधी भेटलात तर दाखवीन.